सुट्टीतली नदी

४ फेब्रुवारी

सकाळी मॉनिटर आला. आता तो शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, पोट सुटलंय, चष्मा लागलाय, पण माझ्या वर्गात तो दोन वर्षं मॉनिटर होता आणि माझ्या लेखी अजून मॉनिटरच. खुर्चीत बसायच्या आधी आजही माझ्याकडे बघतो. मी मान हलवली की बसतो.

काम असं आहे. शाळेची जुनी इमारत टेकीला आलीय. पाच खोल्यांपैकी दोन बंद कराव्या लागल्या, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात. नदीच्या वळणावरची मोठी मोकळी जागा एका गृहस्थांनी शाळेला दिलीय. अट एकच, वर्षाच्या आत बांधकाम सुरू झालं पाहिजे, नाहीतर जागा परत. आठ महिने कागद फिरण्यात गेले. आता परवानगीच्या कचेरीने विचारलंय, त्या जागेवर पुराचं पाणी येतं का? जाणकाराचं पत्र जोडा.

"आणि नदीचा जाणकार म्हणजे बाई, तुमच्याशिवाय कोण?" मॉनिटर म्हणाला.

खरंच कोण? खोटी नम्रता मला कधी जमली नाही. एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आमच्या नदीचा एकुलता एक नकाशा मी काढलेला आहे, पाच फूट लांब, शाळेच्या दारात काचेमागे लावलेला. उगमापासून मोठ्या नदीला मिळेपर्यंत सतरा किलोमीटर सातशे मीटर. सलग तीन वर्षं एक एक टप्पा पायी फिरून काढला, त्याला बक्षीसही मिळालं. निम्म्या गावाने तो नकाशा पाठ करून परीक्षा दिलीय. नदीला 'ओढा' म्हणणाऱ्याचा मी एक मार्क कापत असे.

मॉनिटरला आणखी एक हवंय: नव्या इमारतीच्या उद्घाटनाला छोटी पुस्तिका, 'आपल्या नदीचा भूगोल'. मी म्हटलं, लिहीन, पण जुन्यावर भागवणार नाही. पुन्हा पूर्ण नदी चालणार. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, अजून पाय शाबूत आहेत.

म्हणून ही नवी वही.

५ फेब्रुवारी

पत्र लिहून दिलं. एकच परिच्छेद: 'मी या नदीचा एकतीस वर्षं अभ्यास केला आहे. सदर जागा कोरडी असून तेथे पुराचे पाणी येत नाही.' खाली सही, तारीख. मॉनिटर स्वतः येऊन घेऊन गेला.

ह्यांना वाचून दाखवलं. हे तेव्हा सायकलच्या चेनला तेल घालत होते. पस्तीस वर्षं पोस्टमन म्हणून काढली, निवृत्तीनंतरही सायकलची सेवा काही सुटत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वळणावरची म्हणजे वीटभट्टीच्या अलीकडची ना?"

मी म्हटलं, "वीटभट्टी जाऊन जमाना झाला."

"हो. पण पत्रं यायची तिथे खूप. भट्टीवरच्या लोकांना बाहेरगावची पत्रं फार."

झालं. ह्यांचा भूगोल हा असा. डोंगर, दरी, मैदान काही नाही, नुसती घरं आणि कुणाला कुठून पत्र यायचं ते.

९ फेब्रुवारी

पहिला टप्पा: उगम. पहाटेच्या गाडीने टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. हे बरोबर आलेत, फितीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. शिवाय घरी एकटे बसून करणार काय?

बंद पडलेल्या दगडाच्या खाणीमागे एक आडवा कातळ आहे. त्याच्या खालून मनगटाएवढी धार येते, तीच आमची नदी. मी हात घातला. पाणी इतकं गार की बोटं वाकेनात. सत्तावीस वर्षांपूर्वी अगदी याच जागी उभी राहून मी वहीत लिहिलं होतं: 'धार करंगळीएवढी.' आज ती मनगटाएवढी आहे. नदी वाढली म्हणायची! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू तेव्हा मे महिन्यात आली होतीस. आता फेब्रुवारी आहे."

"ते कळतं मला," मी म्हटलं.

पहिले पाच किलोमीटर झाले. नदी इथे पोरकट आहे, दगडावरून दगडावर उड्या मारते, रुंदी कुठेच चार पावलांपेक्षा जास्त नाही. दोन्ही काठांना झुडपं. एके ठिकाणी पाण्यापासून चांगली पुरुषभर उंचीवर फांदीला वाळलेलं गवत आणि प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली दिसली. कुणीतरी टाकलेला कचरा. लोकांना शिस्त म्हणून नाही. पुस्तिकेत स्वच्छतेवर एक पान घालायला हवं.

डबा खाताना हे त्या फांदीकडे बराच वेळ बघत बसले होते. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "काही नाही. उंची."

१२ फेब्रुवारी

दोन दिवस गुडघ्यांनी संप केला. पाय शाबूत असल्याचं वहीत लिहिलं ते त्यांनी वाचलं असावं.

लेकीचा फोन. "आई, या वयात नदी मोजायची काय हौस आहे?" मी म्हटलं, "नदीचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे, तिला विचार." मग तिने बाबांना फोन द्यायला सांगितला. हे पाच मिनिटं नुसतं 'हं, हं' करत होते. शेवटी म्हणाले, "नाही गं, मी कशाला बोलू? तिची ती बघेल." कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. माझ्या गुडघ्यांबद्दलच असणार.

१८ फेब्रुवारी

मधला टप्पा, म्हणजे आमचाच भाग. आज मन प्रसन्न आहे.

दगडी पुलापासून सुरुवात केली. पुलाखाली रुंदी बावीस मीटर, पाणी घोट्यापर्यंत. पुलाला लागून रंगाऱ्याचा कारखाना. तिथे धाग्याच्या लडी धुतात, म्हणून आज अर्धी नदी निळी आणि अर्धी नेहमीची होती. रंगारी जुना विद्यार्थी. उंबऱ्यावर आला आणि मी न विचारताच म्हणून दाखवलं, "उगम दक्षिणेला, लांबी सतरा किलोमीटर सातशे मीटर, पुलानंतर डावीकडे मोठे वळण!" चाळिशीच्या माणसाने चौथीतल्या पोरासारखं एका दमात म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, का लपवू? शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

पुलाखालून नदी सरळ पुढे जायचं सोडून डावीकडे भलं मोठं वळण घेते आणि अर्धा किलोमीटर हिंडून परत जवळजवळ त्याच जागी येते. त्या वळणाच्या पोटात शाळेची जागा. सपाट, गवताळ, तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला रस्ता. जागेच्या मालकांनी इतकी वर्षं कुंपण घालून बंद ठेवली होती, आत कुणी पाऊल टाकत नसे. आता कुंपण काढलंय. मी मधोमध उभी राहून वर्गखोल्या कुठे येतील ते ठरवलं. भूगोलाच्या खोलीच्या खिडकीतून वळण दिसेल. माझ्या नशिबात नव्हती अशी खोली, पण येणाऱ्या बाईंना मिळेल.

ह्यांचं मात्र विचित्र वागणं. पुलापासून वळणाच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर जागा आरपार ओलांडली की झालं, दोनशे पावलं. मी तशीच गेले. मागे बघते तर हे नाहीत! हे रस्त्याच्या कडेकडेने, मग एका ठिकाणी आत, मग पुन्हा बाहेर, असे नागमोडी चालत येताहेत. रिकाम्या मैदानात कुणी असं चालतं का? पोचल्यावर विचारलं तर आपल्याच तंद्रीत होते. म्हणाले, "सवय."

पासष्टी झाली. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावं का?

२१ फेब्रुवारी

शेवटचा टप्पा. नदी मोठ्या नदीला मिळते तिथपर्यंत. वाटेत वन्संचं घर लागतं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीचं. चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

वन्संची आणि माझी गेली चाळीस वर्षं गोड भांडणं चालतात. आज त्यांनी विषय काढला, "वहिनी, तुमच्या नकाशात आमची गल्ली कोरडी आहे हो. आमच्या पायरीला विचारून काढला असतात तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "वन्सं, नकाशा नदीचा आहे, पायऱ्यांचा नाही."

"दोन पायऱ्या बुडतात दर दोन-तीन वर्षांनी. आणि दादा तर वरच्या अंगाने यायचा तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला असायचा. चपला गळ्यात बांधून यायचा! काय रे दादा?"

हे म्हणाले, "बिस्किटं आहेत का अजून?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि बिस्किटं आणायला आत गेल्या. पायऱ्या बुडत असतीलही. गल्ली सखल आहे. त्याचा वरच्या जागेशी काय संबंध?

फितीने आणि दोऱ्याने लांबी पुन्हा काढली. सतरा किलोमीटर सहाशे ऐंशी. वीस मीटरचा फरक! सत्तावीस वर्षांनी वीस मीटर. अशा कामाला मी पैकीच्या पैकी दिले असते.

२६ फेब्रुवारी

आज वळणावरच्या जागेत इंजिनिअर मुलगी आली होती. पायासाठी जमीन कशी आहे ते बघायला चाचणीचा खड्डा खणायचा होता. मला मुद्दाम बोलावलं. मुलगी हुशार आहे, बोलते थोडं आणि ऐकते नीट.

वर हातभर काळी माती. त्याखाली वाळू. त्याखाली गोटे. गोल, गुळगुळीत, लहान-मोठे, एकमेकांवर कलते रचल्यासारखे.

मुलगी म्हणाली, "बाई, हे गोल गोटे?"

मी सांगितलं की पूर्वी इथून कच्चा रस्ता जात असणार, त्यासाठी नदीतून आणून टाकलेली भर आहे. वीटभट्टीच्या गाड्या जायच्या ना. तिने वहीत लिहून घेतलं, पण लगेच नाही. पेन थोडा वेळ तसाच धरला होता.

मी ठामपणे सांगितलं. घरी आल्यावरही तेच बरोबर वाटलं. जेवताना मात्र घास फिरत राहिला तोंडात.

२७ फेब्रुवारी

रस्त्यासाठी टाकलेली भर अस्ताव्यस्त पडते. कलती, एकाच दिशेला मान झुकवून बसत नाही. पाण्याने रचलेले गोटे तसे बसतात, प्रवाहाच्या बाजूला झुकून. हे मी दर वर्षी सहावीला शिकवलंय. फळ्यावर खडूने काढून दाखवलंय. 'गोल गोटे दिसले की समजा, इथून पाणी वाहत होतं.' वाक्य माझंच.

सकाळी हे सायकल पुसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं, "त्या जागेवर पाणी येतं का हो?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "येतं."

"कधी?"

"मोठा पाऊस झाला की नदी वळणाने जात नाही. पुलाखालून निघते ती सरळ आरपार. दोन-तीन दिवस. मग परत वळणात जाते आणि वर गवत उगवतं. गेल्या बारा-तेरा वर्षांत तेवढा पाऊस झाला नाही, म्हणून कुणाला आठवत नाही. आणि कुंपणाच्या आत बघायला जातंय कोण? मला जावं लागायचं. पलीकडे भट्टीवरची घरं होती."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

हे उठले. आत जाऊन चहा टाकला. ह्यांचा चहा पातळ होतो, पण आज मी काही बोलले नाही. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बोललो होतो. तू नकाशात शाई भरत होतीस तेव्हा. तू म्हणालीस, तुम्ही पत्रं वाटा, नदी माझ्यावर सोडा."

मला आठवत नाही. ते म्हणतात म्हणजे म्हटलंच असणार. वाक्य माझंच वाटतं.

"आणि नंतर बक्षीस मिळालं, काचेत लागला नकाशा, गावभर कौतुक. मी कशाला दुधात मिठाचा खडा टाकू? तिथे कोण राहणार होतं तेव्हा? पत्र लिहिलंस त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. जीभ उचलली नाही. ते माझं चुकलं."

चूक कुठे झाली ते मग दुपारभर बसून शोधलं. जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षाची मोजणी: ६ मे ते २९ मे. दुसऱ्या वर्षाची: ४ मे ते १ जून. तिसऱ्या वर्षाची: ८ मे ते ३० मे. तीन वर्षं, तिन्ही वेळा उन्हाळ्याची सुट्टी. दुसरं कधी जाणार? पावसाळ्यात शाळा असते. चाचण्या असतात, वह्या असतात, सहामाही असते. मास्तरीण नदी बघायला कधी जाते? सुट्टी लागते तेव्हा. आणि सुट्टी लागते तेव्हा नदी झोपलेली असते.

पाच फूट लांब, काचेत बसवलेला, बक्षीसपात्र, आणि नदीच्या वर्षातला एकच महिना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाळीस वर्षं ताटाला ताट लावून जेवतोय आम्ही.

१ मार्च

आज स्पष्ट लिहिते, कारण ही वही मी एकटीच वाचणार आहे.

गप्प बसता येईल. बारा-तेरा वर्षांत पाणी आलेलं नाही. कदाचित आणखी वीस वर्षं येणार नाही. इमारत उभी राहील, पोरं पाठीला पाठ लावून बसायची थांबतील, माझं नाव कोनशिलेवर लागेल. आणि बोलले तर? जागा परत जाईल, चार वर्षांपूर्वीसारखी पुन्हा जागेसाठी भीक मागत फिरायची वेळ मंडळावर येईल. नुकसान शाळेचंच. असं सगळं मनाला समजावून पाहिलं.

मग दोनशे मुलं एका पावसाळी दुपारी वर्गात बसलेली दिसतात, आणि पुलाखालून नदी सरळ निघालेली. माझ्या सहीवर.

खरं सांगायचं तर मला भीती मुलांची नंतर वाटली. आधी लाज वाटली. रंगारी उंबऱ्यात उभा राहून एका दमात म्हणतो ना, ते आठवून. एवढ्या लोकांना मी चुकीचं पाठ करून घेतलं, आणि 'ओढा' म्हटलं म्हणून मार्क कापले. उंटावरून शेळ्या हाकणं यापेक्षा वेगळं ते काय असतं?

हे संध्याकाळी म्हणाले, "मी येऊ का उद्या बैठकीला?" मी नको म्हटलं. माझं निस्तरायचं ते माझं मी निस्तरणार.

३ मार्च

बैठक काल झाली. काल लिहायचं त्राण नव्हतं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मंडळाची सात माणसं, इंजिनिअर मुलगी आणि मी. मॉनिटरने पायाभरणीची तारीख ठरवायचा विषय काढला. मी उभी राहिले. उभं राहूनच बोलायची सवय आहे.

म्हटलं, "माझं पत्र मागे घ्या. ते चुकीचं आहे. जागेवर पाणी येतं."

मॉनिटर हसला. त्याला वाटलं, बाईंची गंमत. मग हसू गेलं. "बाई, पत्र कचेरीत पोचलंय."

"मग परत आण. मी दुसरं देते."

"पण नकाशा..."

"नकाशाही चुकीचा आहे." आणि मग सगळं सांगितलं. गोट्यांचं, वळण सोडून सरळ जाणाऱ्या पाण्याचं, उन्हाळी सुट्टीचं. पाच मिनिटं लागली असतील. 

मॉनिटर लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याशी आवाज चढवला. "आम्हाला मारून मुटकून पाठ करून घेतलात तो नकाशा! मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. आणि आज, जागा जायला तीन महिने राहिलेत तेव्हा, तुम्ही म्हणता चुकीचा आहे?"

"हो," मी म्हटलं. "तेव्हा कळलं नव्हतं. तुला मार्क बरोबर मिळाले, चुकीचा नकाशा तू अगदी बरोबर काढला होतास."

कुणी हसलं नाही. मलाही हसायचं नव्हतं. 

एक सदस्य म्हणाले, आता जागा परत करायची तयारी ठेवा. दुसरे म्हणाले, बाईंनी हे घरातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी खिडकीकडे.

मग इंजिनिअर मुलीने विचारलं, "बाई, पाणी पूर्ण जागेवर येतं की काही भागावर? जागा मोठी आहे. आणि खड्डा आपण फक्त मधोमध खणला होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकतीस वर्षांत कुणी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही असं फार झालेलं नाही. आलं नाही तरी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे, हेही इथे लिहून टाकते.

म्हटलं, "मला माहीत नाही. माझ्या घरी एक जण आहेत, त्यांना माहीत आहे."

८ मार्च

आज सकाळी आठला आम्ही जागेवर पोचलो. हे, मी, इंजिनिअर मुलगी आणि मॉनिटर. मॉनिटर माझ्याशी बोलत नव्हता, पण आला होता. खेळाच्या मैदानावर रेघा मारायची फक्की शाळेतून मागवली होती, एक पूर्ण पोतं.

मुलीने ह्यांना विचारलं, "काका, सगळ्यात मोठं पाणी आलं होतं ते कुठपर्यंत होतं, दाखवाल?"

"दाखवतो की," हे म्हणाले. घमेल्यात फक्की घेतली, डाव्या हाताने ते कमरेला धरलं आणि पुलाच्या बाजूने चालायला लागले.

रस्त्याच्या कडेने वीस पावलं गेले. मग आत वळले. मग थोडं बाहेर. मुठीतून फक्की सोडत, न थांबता. मैदान सपाट, काही खूण नाही, झाड नाही, दगड नाही. कशाला वळसा घालताहेत ते आमच्यापैकी कुणाला दिसत नव्हतं. मला मात्र त्या नागमोडी चालीची लाज वाटली होती ती आठवली. डॉक्टर!

चालता चालता बोलत होते, आमच्याशी नाही, जमिनीशी असल्यासारखे. "इथून सायकल खांद्यावर घ्यायचो. पत्रांची पिशवी डोक्यावर. पत्र ओलं झालं तर शाई फुटते, मग वाचणार काय बिचारे? म्हणून पाण्याची कड सोडायची नाही. रोज थोडी इकडे, थोडी तिकडे. पण सगळ्यात मोठं पाणी आलं त्या दिवशी ही कड. इथे उभा होतो, तार होती हातात, भट्टीवरच्या एकाला मुलगी झाल्याची. पलीकडून तो ओरडतोय, कुठली तार, आणि मी इकडून ओरडतोय, मुलगी, मुलगी. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू जाईना. शेवटी मी दोन्ही हातांनी बाळ झुलवून दाखवलं." हसले. आणि पुढे चालायला लागले.

मला ही गोष्ट माहीत नव्हती.

वळणाच्या दुसऱ्या टोकाला रेघ पोचली तेव्हा नऊ वाजले होते. जागेचे दोन भाग झाले. नदीकडचा मोठा, आणि रस्त्याकडचा साधारण तिसरा हिस्सा.

मग मुलीने तिपाईवर दुर्बिणीचं यंत्र लावलं. मॉनिटरने उंचीची पट्टी धरली. रेघेवर अकरा ठिकाणी उभं राहून मोजणी घेतली. मी बाजूला बसून तिच्या वहीत आकडे उतरवले, तेवढं अजून येतं. अकरा जागांपैकी दहा जागांची उंची एका वितीच्या आत. दहा जागा! उंची सारखी असलेल्या जागा जोडून जी रेषा तयार होते तिला समोच्च रेषा म्हणतात. एकतीस वर्षं मी ती मुलांकडून पेन्सिलीने काढून घेतली. पायाने काढताना आज पहिल्यांदा पाहिली.

एक जागा चुकली होती. तिथे जमीन बाकीच्यांपेक्षा फूटभर खोल होती. मुलगी म्हणाली, "काका, इथे फरक पडतोय."

हे तिथे जाऊन उभे राहिले. जरा विचार केला. "इथे भट्टीवाल्यांनी फुटक्या विटांचा ढीग घातलेला होता. पाणी त्याला वळसा घालून जायचं. ढीग नंतर उपसून नेला असेल."

मुलीने बुटाच्या टाचेने माती उकरली. चार बोटांखाली लाल तुकडे निघाले, विटांचे. तिने वहीत त्या आकड्याभोवती गोल काढला.

मग ती आणि मॉनिटर रस्त्याकडच्या तुकड्यात पावलं टाकत फिरले. ती म्हणाली, बैठी पसरट इमारत होणार नाही, दोन मजली होईल, जोतं या रेघेपासून पुरुषभर उंच घ्यायचं, आणि नदीकडच्या भागात भिंतसुद्धा नको, नुसतं खेळाचं मैदान. मुदतीत बसेल का, ते कचेरीवर आहे. नवं पत्र उद्या लागेल. मॉनिटर मान हलवत होता. परत येताना तो माझ्यासमोर थांबला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाई, पत्र तुम्हीच लिहा. सही मात्र दोघांची घ्या." एवढं बोलून स्कूटरकडे गेला. आवाज चढवल्याबद्दल काही बोलला नाही. मीही अपेक्षा ठेवली नव्हती.

आम्ही दोघं मागे उरलो. ऊन चढलं होतं. ह्यांचे पाय गुडघ्यापर्यंत फक्कीने पांढरे झाले होते. आपल्याच रेघेच्या टोकाला उभे राहून ते डोळे बारीक करून पुलापर्यंत बघत होते. पत्र योग्य दारात पडलं की नाही याची खात्री करून घ्यायचे, तसे. मग एकदम माझ्याकडे वळले, आणि चेहऱ्यावर खरोखर काळजी होती.

"बरोबर आली का गं रेषा?"

"अहो, मला काय विचारता?" मी म्हटलं. "पावसाळ्यात मी शाळेत असायचे."